आईची तमिळ लिपीतली मराठी वही, कोणी वाचायला मदत कराल का?

कोथरूडची_लेक:

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी झालीय, आधीच सॉरी म्हणते.

आई गेली त्याला दहा महिने झाले. पौषात वर्षश्राद्ध आहे. आई मूळची तंजावरची, म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी लोकांपैकी. जन्म १९४१चा, घर मेल वीथीत, राजवाड्यापासून चालत पाच मिनिटं असं ती सांगायची. १९६३ला लग्न होऊन पुण्यात आली, बाबा खडकीला नोकरीला होते. आल्याआल्या सगळे तिच्या मराठीला हसले. शब्द जुने, हेल तमिळ, त्यात ण आणि ळ एवढे ठसठशीत की माझी आत्या नक्कल करून दाखवायची. तर आईने काय केलं, सहा महिने फक्त रेडिओ ऐकला आणि सदाशिव पेठेतल्या बाईसारखं बोलायला लागली. तिचं स्वतःचं मराठी मग फक्त रात्री अकरानंतर, कारण तेव्हा एसटीडीचा दर पाव व्हायचा आणि मावशीला फोन लागायचा. आम्ही भावंडं पांघरुणात पडून ऐकायचो आणि आम्हाला अर्धं कळायचं नाही.

हिशोब शेवटपर्यंत तमिळमध्ये, भाजीवाल्यासमोर ओठ हलायचे ते तमिळ आकडे. गायची ते बरंचसं तेलुगू नाहीतर संस्कृत. हिंदीच्या परीक्षा तर तिने मुलगी असतानाच दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या दिलेल्या, 'विशारद'पर्यंत. त्या सर्टिफिकेटमुळे आमच्या बिल्डिंगमध्ये वीस वर्षं लोक तिला संगीत विशारद समजत होते आणि तिने कधी दुरुस्त केलं नाही :)

आता मुद्दा. तिची एक वही आहे, लाल कापडी बांधणीची, तिच्या आईने सुरू केलेली आणि मग हिने पुढे लिहिलेली. सगळी तमिळ लिपीत. आम्हाला कोणालाच ती येत नाही, तिने शिकवली नाही आणि खरं सांगायचं तर आम्ही शिकलोही नाही, हे आता बोलून काय उपयोग. ऑफिसमधल्या एका तमिळ मुलाला दोनतीन पानं दाखवली. तो म्हणाला मॅडम अक्षरं तमिळ आहेत पण भाषा तमिळ नाही, मला अर्थ लागत नाही. तरी म्हटलं वाच मोठ्याने. तो वाचत गेला आणि एका पानाच्या शेवटी म्हणाला "तुगा मणे". मी खुर्चीत सरळ बसले. परत वाच म्हटलं. "तुगा मणे." तुका म्हणे! वर "विडोबा" पण होतं. म्हणजे अख्खी वही मराठी आहे, फक्त अक्षरं तमिळ.

पण पुढे गाडी अडली. अडचणी अशा:

एक म्हणजे अक्षरांच्या डोक्यावर बारीक आकडे आहेत, २, ३, ४. मला वाटतं मात्रा किंवा टाळाची खूण असावी. एका पानावर तर जवळजवळ प्रत्येक ओळीत आकडे. त्या मुलाने ते पान वाचलं ते "तणे", मग "मेदी", मग "सणा टाळ", आणि मधेमधे "पडी". पडी म्हणजे तमिळमध्ये पायरी किंवा 'वाच', असं तो म्हणाला. माझा अंदाज, हे सणाला टाळ कसे धरायचे ते असेल, तणे वगैरे बोल असतील, पायरी म्हणजे स्वराची पायरी. बरोबर आहे का?

दुसरं, काही ठिकाणी अक्षराच्या खाली निळ्या शाईने एक टिंब. त्या मुलाने असं टिंब कधी पाहिलेलं नाही.

तिसरं, बऱ्याच पानांच्या वर एक नाव आहे. "मोहनम". दोन पानांवर "हिंदोळम". आमच्या घरात मोहन कोणी नाही. भाऊ म्हणाला बघ बाई, आईचं काही लपवलेलं प्रकरण निघेल. (भाऊ असाच आहे.)

शिवाय दोन कॅसेट आहेत, त्यात तिचा आवाज. तीस वर्षं कोणी वाजवलेल्या नाहीत. हात लावायला भीती वाटते. श्राद्धाला त्यातलं एखादं सगळ्यांना म्हणता आलं तर बरं, म्हणून वहीची घाई आहे.

टेपडेक:

ताई, आईंना नमस्कार. मी फक्त कॅसेटचं सांगतो, बाकी माझा प्रांत नाही.

लगेच प्ले दाबू नका. आधी वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या चिपा तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तरी वरून रेकॉर्ड होणार नाही. चुकून दाबलं जातंच, माझ्या वडिलांच्या आवाजावर आमच्याकडे अर्धा मिनिट कुकरची शिट्टी आहे. मग खालच्या मधल्या खिडकीत टेपच्या मागे एक छोटी फेल्टची गादी असते ती जागेवर आहे का बघा, जुन्या कॅसेटमध्ये तिचा गोंद सुटतो आणि आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. गादी पडली असेल तर दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटच्या पेटीत टेप बदलून घेता येते. मग पेन्सिल घालून हाताने थोडी फिरवून बघा, अडकत नसेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, आणि मगच प्ले. नव्वद मिनिटांची असेल तर जास्त जपा, तिची टेप साठवालीपेक्षा पातळ असते.

कॉम्प्युटरला हेडफोनच्या भोकातून वायर, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, वेव्ह फाइल करून ठेवा, एमपीथ्री नंतर. आणि खरखर काढायच्या नादी पहिल्या फाइलवर लागू नका. खरखरीबरोबर श्वास पण जातो. मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या कॉपीवर काय ते प्रयोग करा.

कावेरीकाठ:

अक्का, तुमची पोस्ट वाचून मी माझ्या आजीच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. आम्ही कुंभकोणमचे, आता चेन्नई. घरी मराठी, बाहेर तमिळ, आडनावाच्या जागी राव. माझं मराठी टाइप करताना चुकतं, सांभाळून घ्या.

टाळ नाही, मात्रा नाही. आकडे अक्षराचे आहेत.

तमिळमध्ये क ख ग घ चारींना एकच अक्षर. ट ठ ड ढ ला एक, त थ द ध ला एक, प फ ब भ ला एक. तमिळ बोलताना जागेवरून कळतं कुठला उच्चार, शब्दाच्या सुरुवातीला असेल तर कडक, दोन स्वरांच्या मधे आला तर मऊ. म्हणून तुमच्या ऑफिसच्या मुलाने 'तुका'चं 'तुगा' केलं, त्याची चूक नाही, त्याच्या जिभेला तसंच वळण. पण संस्कृत किंवा मराठी लिहायचं तर पंचाईत. म्हणून मद्रासकडच्या स्तोत्रांच्या पुस्तकांत अक्षराला आकडा लावायची पद्धत आहे. आकडा नाही म्हणजे पहिलं, २ म्हणजे दुसरं, ३ तिसरं, ४ चौथं. क, क२ म्हणजे ख, क३ म्हणजे ग, क४ म्हणजे घ. विठोबा लिहिताना विटो२पा३. पंढरी लिहिताना पण्ट४री. गणाधीश हवा असेल तर क३णाती४श. ळ आणि ण तमिळमध्ये स्वतंत्र आहेतच, म्हणून तुमच्या आईचे ते पुण्यात गाजले :) आणखी एक, सुरुवातीचा च तमिळ माणूस पुष्कळदा स वाचतो. हे सगळं धरून ते टाळाचं पान परत वाचा. मी उत्तर सांगत नाही, तुम्हीच बघा. फक्त एवढं सांगतो की पडी म्हणजे पायरी आहेच, पण ते मापाचंही नाव. आठ आळाक्कु म्हणजे एक पडी. शहरातल्या आयटीच्या पोराला हे माहीत नसणार, किलोच्या जमान्यातला तो.

मोहन नावाचा कोणी नाही, भावाला सांगा. मोहनम म्हणजे तुमचा भूप. हिंदोळम म्हणजे मालकंस. अभंग कुठल्या रागात म्हणायचा ते वर लिहिलंय. शेवटच्या पानांवर मध्यमावती आहे का बघा, आमच्याकडे भजन त्या रागात संपवतात, मधे काही चुकलं असेल तर ते पदरात घे म्हणून.

हे अभंग आमच्याकडे कसे आले ते पण सांगू का? शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे, त्यांच्याबरोबर लोक आले, मागून रामदासी मठ आले, मग कीर्तनकार आले. १९व्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरला कीर्तन करायचे, ते ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं, आणि आजही तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही मराठी छंदांचीच नावं चालतात. गाणाऱ्याला मराठी येत नसलं तरी साकी कुठे घालायची ते कळतं. आमच्या बाजूला ज्या ब्राह्मणाला मराठीचा गंध नाही तोही एकादशीला विठोबाचा अभंग म्हणतो, त्याचा 'ढ' ऐकून तुम्ही रडाल, पण म्हणतो. १८५५ला राज्य खालसा झालं, मोडी दप्तरं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊन बसली, पोरं तमिळ शाळेत गेली. बायकांनी मग ज्या लिपीत हात चालत होता त्यात गाणी उतरवली. तुमच्या आजीने तेच केलं असणार.

टिंबाचं मात्र मला नाही समजलं. आजीच्या वहीत असं नाही.

गाथावाचक:

वही मौल्यवान आहे, निःसंशय. परंतु एक सूचना. लिप्यंतर करताना प्रत्येक अभंग छापील गाथेशी ताडून पाहा आणि पाठ दुरुस्त करून घ्या. ऐकीव परंपरेत शब्द फार घसरतात. श्राद्धासारख्या प्रसंगी अशुद्ध पाठ म्हणणं योग्य नाही असं मला वाटतं.

मोडीवेडा:

गाथावाचक काका, आदर राखून असहमत.

गाथेत काय आहे ते गाथेत आहेच, ते कुठे पळून जात नाही. ह्या वहीत काय आहे ते जगात फक्त ह्या वहीत आहे. दोनशे-तीनशे वर्षं गावापासून तुटलेल्या लोकांनी एक ओळ कशी म्हटली हे कळायला दुसरी जागा नाही. ताई, तुम्ही एका बाजूला जसं आहे तसं उतरवा, अगदी चूक वाटली तरी, आणि हवं तर समोरच्या पानावर गाथेतला पाठ लिहा. आधी मात्र प्रत्येक पानाचा फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. आणि कृपा करून वही लॅमिनेट वगैरे करू नका!! एकाने आजोबांच्या मोडी कागदांचं तसं केलेलं मी पाहिलंय, दोन वर्षांत आत पिवळं पडून चिकटलं.

टिंबाबद्दल एक खुळा अंदाज. ते कुठल्या अक्षरांखाली आहे? च, ज, झ खालीच असेल तर सांगा.

गाथावाचक:

समोरासमोर दोन्ही पाठ, हे मान्य. माझ्या आईचीही अशी एक वही होती. आम्ही नवीन पुस्तक आणलं आणि ती रद्दीत दिली. असो.

कोथरूडची_लेक:

कावेरीकाठ दादा, तुम्हाला काय म्हणू. अक्का म्हणालात ना, आईला तिची धाकटी भावंडं अक्का म्हणायची. तेवढ्यावरच मी दहा मिनिटं बाजूला झाले.

बरं आता हसा. काल रात्री तक्ता करून बसले, एकीकडे अक्षरं, एकीकडे आकडे. "तणे" वर चार होता. धणे. "मेदी" वर दोन. मेथी. आणि माझा तो सणाला वाजवायचा टाळ, टा वर तीन!!! सणा टाळ नाही हो, चणा डाळ. ते पान सांबार पुडीचं आहे. धणे एक पडी, चणा डाळ दोन आळाक्कु, मिरे, मेथी, सुक्या मिरच्या, आणि खाली "हिंग शेवटी, तेलात". मी ह्याच पानाला घरात सगळ्यांना दाखवून म्हटलं होतं की बघा आई स्वरलिपी लिहायची. भाऊ अजून हसतोय. त्या पानाच्या पुढच्या पानावर लगेच "मोहनम" आणि अभंग. मधे रेघसुद्धा नाही. मागे तर धोब्याचा हिशोब आहे, त्याच्या खाली रामरक्षेतल्या दोन ओळी, मग माझ्या गोवराची तारीख.

मोडीवेडा, तुमचा अंदाज खुळा नाही. सगळी टिंबं च, ज आणि झ खालीच आहेत. आणि बघा, "माझा" च्या झ खाली आहे, "माझी" च्या झ खाली नाही. "तुझा" खाली आहे, "तुझी" खाली नाही. "चांदणे" खाली आहे, "चंद्र" खाली नाही. म्हणजे चमच्यातला च आणि चहातला च! मी आयुष्यभर मराठी बोलते, मला हा फरक कोणी सांगेपर्यंत जाणवलाच नव्हता. आणि ही टिंबं आजीच्या पानांवर नाहीत. फक्त आईच्या. शिवाय आजीच्या हातच्या काही पानांवरसुद्धा नंतर निळ्या शाईने घातलेली दिसतात, आजीची शाई काळी आहे. म्हणजे पुण्यात आल्यावर आत्या नक्कल करायची त्या दिवसांत ही बसून आपल्याच गाण्यांत कुठला च चमच्यातला आणि कुठला चहातला ह्याच्या खुणा करत होती. रेडिओ लावून. हे मला आत्ता लिहिताना समजतंय.

आत्या नव्वदीची आहे, तिला सांगावं की नाही ठरत नाहीये.

टेपडेक, एका कॅसेटची गादी खरंच पडली होती, तुमच्यामुळे वाचली. दुसरी वाजली. नवरात्रातलं रेकॉर्डिंग आहे. आमच्याकडे कोलू मांडायची ती, बाहुल्यांच्या पायऱ्या, त्यात मान हलवणारी तंजावरची बाहुली, शेजारच्या बायका हळदीकुंकू समजून यायच्या आणि सुंडल, म्हणजे चण्याची उसळ, खाऊन जायच्या. मागे कोणीतरी "अहो हा मालकंस ना?" विचारतंय आणि आई म्हणते "हो हो, मालकंस". हिंदोळम म्हणाली नाही. मग गायला लागते. ठेका तिचा तिकडचा आहे, मांडीवर हाताने, टाळी आणि बोटं मोजत, तो आवाज पण आलाय. बायका टाळ्या वाजवायला बघतात आणि दुसऱ्याच ओळीला चुकतात.

कावेरीकाठ:

आदि ताळम. आठ मात्रा, चार अधिक दोन अधिक दोन. एक टाळी, तीन बोटं, मग टाळी-हात उलटा, टाळी-हात उलटा. श्राद्धाच्या आधी मुलांना शिकवा, पाच मिनिटांचं काम. पण नुसत्या टाळ्या वाजवू नका, बोटं मोजली नाहीत तर परत चुकाल.

टिंबं मी आजीच्या वहीत घालणार नाही, ती तुमच्या आईची. पण माझ्या मुलीला मराठी शिकवतोय त्या वहीत घालू का?

कोथरूडची_लेक:

घाला हो दादा, खुशाल घाला. आणि शेवटच्या तीन पानांवर मध्यमावती आहे. त्यातला एक शब्द अजून लागत नाही, आकडा पुसलाय, दोन आहे की तीन कळत नाही. उद्या उजेडात फोटो काढून इथे टाकते.

सांबार पुडी केली. मिरे जास्त झाले.